कळीच्या चुन्याचा दिवा

गेल्या पावसाळ्यापूर्वीं आमच्या शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या खोलीची झाडलोट चालली असतां, मागच्या कपाटाच्या तळाशीं एक जड, काळी पेटी सांपडली. ती उघडून पाहतां तींतून पत्र्याचा एक मोठा कंदील, दोन तोट्यांची एक पितळी नळी, तीन भिंगें आणि घट्ट झांकणाचा एक डबा, इतकें सामान बाहेर आलें. डब्याच्या तळाशीं थोडी पांढरी भुकटी होती. ‘सर, ही तर खडूची भुकटी!’ असें नववींतील एका विद्यार्थ्यानें तत्काळ जाहीर केलें. दुसऱ्यानें पितळेचा सध्यांचा भाव काय आहे याची चौकशी केली. तिसऱ्यानें मात्र कंदिलाच्या आंत डोकावून विचारलें, ‘सर, हा पेटवून दाखवाल का?’

आम्हीं ‘नाहीं’ असें उत्तर दिलें. मुलगा निमूटपणें बाजूला झाला, परंतु त्याचा चेहरा पडला. कारण न सांगतां नकार देणें हें शिक्षकास शोभत नाहीं. म्हणून तो नकार कां दिला, आणि जो दिवा आम्ही पेटवूं देत नाहीं तोच भंगारांतहि कां जाऊं देत नाहीं, हें येथें सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

या दिव्यास इंग्रजींत ‘लाइमलाइट’ असें नांव होतें. येथें ‘लाइम’ म्हणजे लिंबू नव्हे, तर चुना. चुना आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तो भिंतीस लावतात, पानास लावतात, आणि प्रसंगीं भोळ्या माणसासहि लावतात! परंतु या दिव्याला लागतो तो कळीचा चुना. चुनखडीचा दगड भट्टींत भाजला, म्हणजे त्यांतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व मागें कळीचा चुना राहतो. कोंकणांत समुद्रावरच्या शिंपा भाजूनहि चुना करीत. या कळीवर पाणी पडतांच ती फसफसते, तापते आणि फुटून तिचें पीठ होतें. नुसती उघडी ठेविली तरी ती हवेंतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि हळूहळू पुन्हां मूळच्या चुनखडीच्या, म्हणजेच खडूच्या, जातीची भुकटी होऊन बसते. म्हणूनच दिव्यासाठीं कातून तयार केलेल्या चुन्याच्या कांड्या घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवीत असत. तेव्हां डब्यांतील भुकटीस खडू म्हणणारा आमचा विद्यार्थी रसायनशास्त्राच्या दृष्टीनें फारसा चुकला नव्हता.

आतां अशा या चुन्यापासून प्रकाश कसा मिळतो तें पाहूं. घन पदार्थ तापवीत गेलें असतां तो प्रथम तांबडा, मग पिवळा व अखेरीस पांढरा प्रकाश देऊं लागतो. लोहाराच्या भट्टींत हें कोणासहि दिसतें. परंतु लोखंड १,५३८ अंश सेंटिग्रेड उष्णतेस वितळतें आणि प्लॅटिनम १,७६८ अंशांस. कळीचा चुना मात्र सुमारें २,६०० अंशांपर्यंत दम धरितो. इतकी उष्णता लांकडाच्या किंवा तेलाच्या साध्या ज्योतींत मिळत नाहीं. ती मिळते ऑक्सिजन व हायड्रोजन या दोन वायूंच्या संयुक्त ज्योतींत. हायड्रोजनचे दोन भाग व ऑक्सिजनचा एक भाग एकत्र जळले, म्हणजे त्यांचें पाणी होतें आणि त्या वेळीं ज्योतीची उष्णता सुमारें २,८०० अंशांपर्यंत चढते.

येथें एक नवल आहे. ही अतितप्त ज्योत स्वतः जवळजवळ दिसतच नाहीं. परंतु ती चुन्याच्या कांडीवर रोंखली, कीं थोड्याच वेळांत तेथें वाटाण्याएवढा एक ठिपका असा कांहीं तळपूं लागतो कीं, त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहवत नाहीं. चुना येथें जळत नाहीं. तो तापून प्रकाशतो. मिळालेल्या उष्णतेचा मोठा भाग तो किरणांच्या रूपानें परत देत राहतो. म्हणून त्याचा पृष्ठभाग ज्योतीइतका तापत नाहीं आणि वितळूनहि जात नाहीं. ज्योत उष्णता देते, प्रकाश देतो तो चुना.

ही ज्योत उत्पन्न करणारी फुंकनळी अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील रॉबर्ट हेअर यांनीं १८०१ सालीं तयार केली. पुढें इंग्लंडांत गोल्डस्वर्दी गर्नी नांवाच्या कॉर्नवॉलकडील एका वैद्यानें १८२० नंतरच्या कांहीं वर्षांत अशा ज्योतीचे प्रयोग करून चुन्याच्या या झगझगीत तेजाकडे लक्ष वेधलें. मायकेल फॅरडे यांच्या व्याख्यानांतून ही गोष्ट थॉमस ड्रमंड नांवाच्या एका तरुण लष्करी इंजिनिअराच्या कानीं पडली, आणि तिचा खरा उपयोग त्यानेंच प्रथम ओळखला.

ड्रमंड हे त्या वेळीं आयर्लंडच्या भूमापनाच्या कामावर होते. मोठ्या प्रदेशाची मोजणी करावयाची, तर एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्यावरची खूण दुर्बिणींतून पाहून कोन मोजावे लागतात. आयर्लंडांत धुकें व पाऊस यांचें राज्य. बेलफास्टजवळच्या डिव्हिस डोंगरावर मोजणीदार दिवसचे दिवस थांबले, पण सुमारें ६६ मैलांवरील स्लीव्ह स्नॅक्ट या डोनेगल परगण्यांतील शिखराची खूण त्यांस दिसेना. १८२५ च्या हिंवाळ्याच्या तोंडीं ड्रमंड आपलें नवें यंत्र घेऊन त्या शिखरावर चढले. त्यांत स्पिरिटाच्या ज्योतींत ऑक्सिजन सोडून चुन्याची एक लहानशी गोळी तापविलेली असे व तिच्या मागें एक अंतर्गोल आरसा असे. थंडीवाऱ्यांत, तंबूच्या आसऱ्यानें, हा दिवा पेटविण्यांत आला. पलीकडे डिव्हिसवरील लोकांना क्षितिजावर एखादा तारा उगवावा तसा तो दिसला आणि अडलेला कोन मोजतां आला. तेव्हांपासून या दिव्यास ‘ड्रमंडचा प्रकाश’ असेंहि म्हणूं लागले.

याच प्रकारची मोजणी त्या काळीं आपल्या देशांतहि चालू होती. तिचे पहिले प्रमुख विल्यम लॅम्बटन हे १८२३ सालीं काम चालू असतांच वऱ्हाडाच्या पूर्वेस हिंगणघाट येथें वारले. त्यांची कबर तेथेंच आहे. त्यांच्यामागून आलेले जॉर्ज एव्हरेस्ट रजेवर विलायतेंत असतां आयर्लंडची मोजणी पाहून आले व तेथील मोजपट्ट्यांची नवी पद्धत त्यांनीं येथें आणिली. आपल्याकडे सूर्याचें वाण नाहीं. म्हणून दिवसा आरशानें ऊन परावर्तित करणारीं यंत्रें आणि रात्रीं आरसे लावलेले तेलाचे दिवे, यांवर त्यांनीं काम भागविलें. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच होता: दूरच्या माणसास दिसेल असा एक स्थिर ठिपका कसा निर्माण करावा?

स्थिर आणि लहान ठिपका! भिंगांच्या प्रयोगास नेमका असाच प्रकाश लागतो. तेलाची ज्योत मोठी व मंद. तिच्यानें पडद्यावरचें चित्र अंधुक पडतें. कोळशाच्या दोन कांड्यांमधील विजेचा प्रकाश अधिक प्रखर खरा, पण तो फुरफुरत असे आणि त्यास बॅटऱ्यांची रांग लागे. चुन्याचा प्रकाश या दोहोंच्या मध्यें बरोबर बसला. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेंत, १८३८ सालीं ती उघडल्यापासून, या दिव्याच्या साह्यानें पाण्याच्या थेंबांतील सूक्ष्म जीव भिंतीएवढे मोठे करून लोकांस दाखवीत. लुइस राइट यांनीं तर कंदिलाच्या साह्यानें प्रकाशाचे प्रयोग कसे दाखवावे यावर १८८२ सालीं एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. नाटकगृहांतहि हा दिवा गेला. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाटकगृहांत १८३७ पासून मुख्य पात्रावर त्याचा झोत पडूं लागला. आजहि एखादा मनुष्य लोकांच्या नजरेंत भरला, म्हणजे इंग्रजींत तो ‘लाइमलाइटमध्यें’ आला असें म्हणतात, आणि आपलीं वर्तमानपत्रें तो ‘प्रकाशझोतांत’ आला असें लिहितात. दिवा गेला, पण शब्द राहिला.

मात्र झोतांतील नटाकडे पाहणाऱ्यांस झोतामागचा माणूस कधीं दिसला नाहीं, आणि आमच्या मतें या दिव्याची खरी गोष्ट त्याचीच आहे. त्याचें काम कसें चाले तें पाहा. प्रथम कांडीच्या मधोमध असलेल्या भोंकांत खिळा घालून ती नळीच्या तोंडापुढें बसवावयाची. मग केवळ हायड्रोजन पेटवून ती चोहोंकडून सावकाश शेकावयाची. कारण एकदम प्रखर ज्योत लागली तर कांडी तडकते. ती पुरती तापली म्हणजे ऑक्सिजनची तोटी जपून उघडावयाची. पुढें खेळ चालू असेपर्यंत दर थोड्या वेळानें खिळा फिरवून चुन्याची नवी बाजू ज्योतीसमोर आणावयाची. कारण एकाच जागीं ज्योत लागत राहिली तर चुन्यास खळगा पडतो, ज्योत त्यांतून उलटी फिरते आणि समोरचें महागडें भिंग तडकतें. सभागृह चित्रांत रंगलें असतां या गृहस्थाचे डोळे चुन्यावर, कान नळीच्या आवाजाकडे आणि बोटें तोटीवर असत.

या शांतपणाचें सर्वांत मोठें फळ रंगभूमीवर नव्हे, तर जर्मनींतील हायडेलबर्ग येथील एका प्रयोगशाळेंत मिळालें. सूर्यप्रकाश लोलकांतून नेला असतां सात रंगांचा वर्णपट पडतो, हें आठवीच्या विद्यार्थ्यासहि ठाऊक आहे. परंतु फ्राउनहोफर यांनीं १८१४ सालीं बारकाईनें पाहिलें, तेव्हां त्या वर्णपटांत त्यांना पांचशेंहून अधिक काळ्या रेघा आढळल्या. पिवळ्या भागांत दोन ठळक रेघा अगदीं शेजारीं शेजारीं होत्या. या रेघा कशाच्या, हें कोणास कळेना. १८३५ सालीं फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत यांनीं तर असें मत मांडलें कीं, आकाशांतील ताऱ्यांचे घटक कोणते, हें मनुष्यास कधींच जाणतां यावयाचें नाहीं.

१८५९ सालीं गुस्ताव्ह किर्खॉफ यांनीं पुढील प्रयोग केला. त्यांनीं चुन्याचा दिवा पेटविला व त्याचा वर्णपट पाहिला. चुन्यांत थोडें सोडियम मिसळलेलें असतेंच. त्यामुळें वर्णपटांत सोडियमच्या दोन तेजस्वी पिवळ्या रेघा दिसल्या. किर्खॉफ यांनीं घाई केली नाहीं. चुन्याची कांडी न हलवितां त्यांनीं ती तशीच तापूं दिली. हळूहळू सोडियम उडून गेलें, रेघा फिक्या होत होत नाहींशा झाल्या आणि अखंड, निर्मळ वर्णपट उरला. मग त्यांनीं चुना व लोलक यांच्या मध्यें मीठ टाकलेली स्पिरिटाची ज्योत ठेविली. ती ज्योत पिवळा प्रकाश देणारी. तेव्हां पिवळ्या रेघा पुन्हां उजळतील असें कोणासहि वाटावें. झालें उलटेंच. जेथें तेजस्वी रेघा होत्या, त्याच जागीं दोन बारीक, रेखीव, काळ्या रेघा उमटल्या. सूर्याच्या वर्णपटांत असतात अगदीं तशाच!

याचा अर्थ असा कीं, सोडियमची वाफ जे पिवळे किरण देते, तेच किरण ती मागून येणाऱ्या प्रखर प्रकाशांतून शोषूनहि घेते. तिचा स्वतःचा उजेड चुन्याच्या तेजापुढें दुपारच्या उन्हांतील समईसारखा फिका; म्हणून त्या जागीं काळें दिसतें. मग सूर्याच्या वर्णपटांत त्याच जागीं काळ्या रेघा असतील, तर सूर्याच्या तप्त भागाभोंवतींच्या वाफांत सोडियम असलेंच पाहिजे! ज्या गोष्टीविषयीं कोंत यांनीं आशा सोडली होती, ती चोवीस वर्षांत एका चुन्याच्या कांडीनें व चिमूटभर मिठानें साधली. सूर्यावर न जातां सूर्याचे घटक ओळखण्याची किल्ली हातीं आली.

या किल्लीनें पुढचें दार उघडलें तें आपल्या देशांत. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं झालेलें खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानांतून दिसणार होतें. वर्णपटदर्शक घेऊन फ्रान्सचे जान्सेन गुंटूर येथें आले, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल हे त्या वेळच्या जमखंडी संस्थानांत दाखल झाले. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटांत तेजस्वी रेघा दिसल्या. त्यांतली एक पिवळी रेघ सोडियमच्या जागेपासून किंचित् बाजूला होती. इंग्लंडांत लॉकियर यांनींहि त्याच वर्षीं ती ग्रहणाशिवाय पाहिली आणि ती एका अज्ञात मूलद्रव्याची असावी असें अनुमान निघालें. त्यास सूर्याच्या ग्रीक नांवावरून हेलियम म्हणूं लागले. पृथ्वीवर तो वायु रॅम्से यांच्या हातीं लागला तो १८९५ सालीं. आज कांहीं फुगे वर जातात ते याच वायूनें.

एवढी थोरवी ऐकून विद्यार्थी म्हणतील, ‘मग सर, पेटवीत कां नाहीं?’ आतां त्या प्रश्नाचें उत्तर देतों.

हायड्रोजन व ऑक्सिजन हे नळीच्या तोंडाशीं भेटले तर दिवा होतो. पिशवींत किंवा नळींत आधींच भेटले तर स्फोट होतो. पूर्वीं हे वायु रबरी कापडाच्या मोठ्या पिशव्यांत भरून त्यांवर फळ्या व वजनें ठेवीत. ऑक्सिजन बहुधा पोटॅशियम क्लोरेट व मँगनीज डायऑक्साइड तापवून काढीत, आणि हायड्रोजन जस्त व गंधकाम्ल यांपासून. खेळाच्या मध्यें एका पिशवीवरचें वजन कोणी उचललें किंवा धक्क्यानें पडलें, तर एकीकडचा वायु दुसरीकडे शिरण्याची धास्ती असे. पुढें पोलादी नळकांडीं आलीं. तेव्हां चुकूनहि अदलाबदल होऊं नये म्हणून हायड्रोजनच्या नळकांड्याचे आटे मुद्दाम उलटे पाडूं लागले. जळाऊ वायूच्या नळकांड्यांस आजहि उलटे आटे असतात. वेल्डिंगच्या दुकानांत जाऊन पाहावें. एका उलट्या आट्यामागें किती जणांचे भाजलेले हात असतील, याचा विचार करावा.

४ मे १८९७ रोजीं पॅरिस शहरांत धर्मादाय कामासाठीं एक बाजार भरला होता. लांकूड व कापड यांच्या त्या मंडपांत चलच्चित्रांचा खेळ चालू होता. त्याच्या दिव्यांत इथरची वाफ व ऑक्सिजन यांच्या ज्योतीनें चुना तापवीत. दिव्यांतील इथर संपलें. तें पुन्हां भरीत असतां काळोखांत दिसेना, म्हणून कोणीतरी काडी ओढली. हवेंत पसरलेल्या वाफेनें पेट घेतला आणि थोड्याच मिनिटांत मंडप भस्मसात् झाला. सुमारें १२६ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. दिवा थंड होऊन वाफ विरेपर्यंत थांबावयास फार वेळ लागला नसता.

पॅरिस फार दूर आहे असें कोणास वाटेल, म्हणून एक जवळची गोष्ट सांगतों. आमच्या डाव्या भुंवईवर एक व्रण आहे. त्याविषयीं विद्यार्थ्यांनीं आजवर नाना तर्क केले आहेत. त्यांत क्रिकेटच्या चेंडूपासून पोलिसांच्या लाठीपर्यंत सर्व कांहीं येऊन गेलें आहे. खरी हकीकत त्याहून साधी आहे. आम्ही महाविद्यालयांत शिकत असतां एकदां जस्त व सौम्य गंधकाम्ल बाटलींत घालून हायड्रोजन तयार करीत होतों. बाटलींतील हवा पुरती निघून गेली कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं परीक्षानळींत थोडा वायु घेऊन तो दूर नेऊन पेटवावा, आणि तो शांतपणें जळेपर्यंत मुख्य नळीजवळ ज्योत नेऊं नये, असा नियम आम्हांस पाठ होता. परंतु घंटा व्हावयास पांचच मिनिटें उरलीं होतीं आणि शेजारच्या सोबत्याच्या आधीं प्रयोग पुरा करण्याची हौस होती. आम्हीं नियम सोडून काडी नळीजवळ नेली. मोठा आवाज झाला; बाटलीच्या ठिकऱ्या उडाल्या. एक ठिकरी डोळ्यापासून अर्ध्या बोटावर रुतली. ती अर्धें बोट खालीं असती, तर हा लेख लिहिणारा मनुष्य आज शिक्षक नसता. दोष ना बाटलीचा, ना गुरुजींचा. तो सर्वस्वीं आमच्या पांच मिनिटांचा होता.

किर्खॉफ चुना निर्मळ होईपर्यंत थांबले आणि त्यांस सूर्य उमगला. आम्ही पांच मिनिटें थांबलों नाहीं आणि आम्हांस हा व्रण मिळाला. प्रयोग म्हणजे केवळ कांहींतरी पेटविणें नव्हे. केव्हां पेटवावयाचें नाहीं हें जाणणें, हा त्याचा अर्धा भाग आहे. शंभर वर्षांवर बंद पडून राहिलेल्या तोट्यांवर विश्वासून वर्गभर मुलांसमोर हे वायु सोडणें, हें तो अर्धा भाग विसरण्यासारखेंच होईल.

म्हणून आम्ही पुढीलप्रमाणें ठरविलें आहे. पितळी नळी साफ करून, तिच्यावर माहितीची चिठ्ठी लावून, ती कांचेच्या कपाटांत ठेवावयाची. कंदिलांत चुन्याच्या जागीं विजेचा एक लहान एल.ई.डी. दिवा बसवावयाचा, भिंगें जुनींच राहतील. येत्या स्नेहसंमेलनांत हा कंदील पालकांस पाहावयास मिळेल. तो पेटवा म्हणणाऱ्या विद्यार्थ्याकडेच त्याची व्यवस्था सोंपविली आहे. तो रोज मधल्या सुटींत येऊन भिंगें पुसतो.

आणि किर्खॉफ यांच्या प्रयोगाची पहिली पायरी पाहण्यास तर शाळेंतहि येण्याची गरज नाहीं. घरीं भाताचें किंवा भाजीचें खारट पाणी उतूं जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतींत पडलें, म्हणजे ज्योत क्षणभर पिवळी होते. तो रंग मिठांतील सोडियमचा, आणि तेंच सोडियम सूर्यांतहि आहे. आई रागावेल ती उतूं गेलेल्या भातासाठीं. तिला हें आधीं नीट समजावून सांगावें, आणि मुद्दाम उतूं घालवूं नये.